'संदर्भ नीट द्या' असा शेरा आलाय, मराठी प्रबंधात आता नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प, विषय एकोणिसाव्या शतकातलं शेतकरी आणि स्त्रिया यांच्याविषयीचं मराठी गद्य. मार्गदर्शकांनी मसुदा 'संदर्भ नीट द्या, एकच पद्धत ठेवा' एवढाच शेरा मारून परत केलाय. हातात तीन आठवडे आहेत आणि संदर्भ देण्याच्या पद्धतींपैकी एमएलए लावू की एपीए, मराठी पुस्तकांना ते कसं बसवू, हे कळत नाहीये. मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते, बाहेरची परीक्षक म्हणूनही प्रबंध वाचते. त्यामुळे तपासणारी व्यक्ती कुठे बोट ठेवते तेही सोबत सांगते.

पद्धतीचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण तो वाटतो तेवढा मोठा नाही. विभागाचं परिपत्रक असेल तर तेच प्रमाण, वाद घालू नका. परिपत्रक नसेल तर साहित्याच्या विषयाला एमएलए सोयीची पडते. तिची नववी आवृत्ती २०२१ ची आहे. एपीएची सातवी आवृत्ती मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र या विषयांत जास्त चालते, आणि इतिहासाची मंडळी तळटीपांची शिकागो पद्धत पसंत करतात. तिन्ही पुस्तिका अमेरिकेत, इंग्रजी पुस्तकं समोर ठेवून लिहिलेल्या आहेत. दिवाळी अंक, शके, टोपणनावं, गाथेच्या वेगवेगळ्या प्रती यांचा विचार त्यांत कुठून असणार? तिथे निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. एकदा घेतला की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोच ठेवायचा आणि प्रस्तावनेनंतर 'संदर्भांविषयी' अशी अर्ध्या पानाची टीप देऊन तो सांगून टाकायचा. ही टीप मराठी प्रबंधांत फार कमी वेळा दिसते. ती असली की परीक्षकाचे अर्धे आक्षेप तिथेच मिटतात.

स्वल्पविराम चुकला म्हणून कोणी तुमचं काम नाकारत नाही. परीक्षक चार-पाच संदर्भ निवडतो, ग्रंथालयातून पुस्तक मागवतो आणि तुम्ही दिलेलं पान उघडतो. तिथे ते वाक्य सापडलं नाही, की बाकीच्या शंभर संदर्भांवरचाही विश्वास जातो. म्हणून कसोटी एकच धरा: तुम्हाला न ओळखणाऱ्या वाचकाला तुमच्या नोंदीवरून त्याच प्रतीच्या त्याच पानावर पोचता आलं पाहिजे. खाली जे काही सांगते ते याच कसोटीतून येतं.

तुमच्या विषयात हमखास येणारी ओळ घेऊ: 'विद्येविना मति गेली'. प्रबंधांत तिचा संदर्भ बहुतेक वेळा '(फुले, १९९१)' असा असतो. कधी नुसतंच 'महात्मा फुले म्हणतात' असतं, तर कधी ती चक्क 'गुलामगिरी'च्या नावावर टाकलेली असते. ती ओळ आहे 'शेतकऱ्याचा असूड'च्या उपोद्घातात, अगदी सुरुवातीला. 'गुलामगिरी' निघाली १८७३ साली, 'असूड' लिहून झाला १८८३ साली. मधल्या दहा वर्षांत सत्यशोधक समाज उभा राहिला. तेव्हा ही अदलाबदल तुमच्यासारख्या विषयात किरकोळ ठरत नाही, तुमचा कालक्रमच त्यामुळे ढासळतो.

आता '१९९१'चं काय? तुम्ही 'असूड' वाचला तो 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' या शासकीय ग्रंथात. तो ग्रंथ पहिल्यांदा १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली निघाला. पुढे य. दि. फडके यांनी संपादित केलेली सुधारित आवृत्ती १९९१ साली आली. दोन्ही ग्रंथालयांत शेजारी शेजारी असतात आणि त्यांचे पृष्ठांक जुळतील असं धरून चालता येत नाही. '(फुले, १९९१)' एवढंच लिहिलं की १८९० साली वारलेला लेखक १९९१ साली लिहीत होता असा देखावा तयार होतो आणि संपादक कोण ते कळतच नाही. मी नोंद अशी करायला सांगते:

फुले, जोतीराव. 'शेतकऱ्याचा असूड' (लेखन १८८३). 'महात्मा फुले समग्र वाङ्मय', संपा. य. दि. फडके, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, मुंबई, १९९१, पृ. …

पानाचा आकडा मुद्दाम मोकळा ठेवलाय. तो तुमच्या हातातल्या प्रतीवरूनच भरायचा, माझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या प्रबंधातून उचलायचा नाही. मजकुराच्या ओघात कंसामध्ये '(फुले, असूड १८८३/१९९१ : पृ. …)' असं द्या. तिरकी रेघ देऊन दोन्ही वर्षं लिहायची ही सोय एपीएमध्ये आहेच, आणि एमएलए वापरत असाल तरी एकोणिसाव्या शतकाच्या विषयात ती बिनधास्त घ्या, फक्त त्या अर्ध्या पानाच्या टिपेत तसं नोंदवा. हीच गोष्ट ताराबाई शिंद्यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना'ची. पुस्तक १८८२ चं, पण आपल्या हाती येतं ते बहुधा मालशे यांनी १९७५ साली पुन्हा उजेडात आणल्यानंतरचं. वर्ष एकच दिलंत तर १८८२ चा संताप १९७५ चा वाटेल.

अवतरण उतरवताना मूळ प्रतीतलं लेखन जसंच्या तसं ठेवा. 'मति' ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व, 'कांहीं', 'नाहीं' अनुस्वारांसकट. आजचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ नंतरचे आहेत, ते जुन्या लेखकाला लावायचे नाहीत. मूळ प्रतीत उघड छपाईची चूक असेल तर पुढे चौकटी कंसात [मूळ प्रतीत असेच] लिहा. मधला मजकूर गाळला तर तीन टिंबं द्या, आणि तुमच्याकडून एखादा शब्द घातला तर तोही चौकटी कंसात. फुल्यांच्या या ओळी फलकांवर, दिनदर्शिकांवर, मोबाइलवरच्या निरोपांत इतक्या रूपांत फिरतात की पाठ आहेत म्हणून त्या लिहू नयेत, ग्रंथ उघडून लिहाव्यात. चार ओळींहून मोठं अवतरण एमएलएमध्ये वेगळ्या परिच्छेदात, डावीकडून आत सरकवून आणि अवतरणचिन्हांशिवाय येतं. एपीएमध्ये ही मर्यादा चाळीस शब्दांची आहे.

पुस्तकांच्या नावांसाठी इंग्रजी पद्धतीतला तिरका ठसा देवनागरीत वापरू नका. तो वाचायला त्रासदायक होतो आणि छापताना जोडाक्षरं एकमेकांत घुसतात. ग्रंथाचं नाव एकेरी अवतरणात द्या किंवा ठळक करा, पण दोन्ही नको. लेख आणि ग्रंथ यांच्यात फरक दाखवायचा असेल तर लेख एकेरी अवतरणात आणि ग्रंथ ठळक, ही जोडी चांगली दिसते.

नावांचा गोंधळ मराठीत सगळ्यात जास्त होतो. 'आडनाव, नाव' हा सूचीचा क्रम ठीक आहे, पण मजकुरातल्या कंसात नुसतं आडनाव पुरत नाही. वाङ्मयेतिहासाच्या कुठल्याही संदर्भसूचीत अ. ना. देशपांडे असतात, कुसुमावती देशपांडे असतात, गो. म. कुलकर्णी असतात, व. दि. कुलकर्णी असतात. '(कुलकर्णी, पृ. ४५)' वाचून कोण कुलकर्णी समजायचे? आद्याक्षरं कंसातही द्या: '(गो. म. कुलकर्णी, पृ. ४५)'. इंग्रजी पद्धतीत हे फक्त आडनावं एकच असताना करतात. मराठीत ते सरसकट करा, कारण आपल्याकडे लेखक आद्याक्षरांनीच ओळखला जातो.

टोपणनावांच्या बाबतीत माझा नियम साधा आहे. पुस्तकावर जे नाव छापलंय त्या नावाखाली नोंद, आणि खरं नाव चौकटी कंसात. 'लोकहितवादी [गोपाळ हरि देशमुख]', 'विभावरी शिरूरकर [मालती बेडेकर]'. कुसुमाग्रजांची कविता आणि वि. वा. शिरवाडकरांची नाटकं दोन्ही वापरली असतील तर नोंदी दोन ठिकाणी जातील आणि एकीकडून दुसरीकडे 'पाहा' असा निर्देश येईल. ज्ञानेश्वर, तुकाराम, जनाबाई यांना आडनाव शोधत बसू नका. 'अंबिले, तुकाराम' अशी नोंद मी प्रत्यक्ष पाहिली आहे. त्या नोंदीवरून कोणी तुकारामांपर्यंत पोचणार नाही. 'तुकाराम' एवढंच लिहा. 'महात्मा', 'लोकमान्य', 'संत', 'डॉ.', 'प्रा.' ही विशेषणं आणि पदव्या सूचीत येत नाहीत. यात अनादर नाही. सगळेच 'डॉ.' झाले तर अकारविल्हे लावायचं कशावरून, एवढाच प्रश्न आहे. मजकुरात मात्र तुम्हाला 'महात्मा फुले' लिहायचं असेल तर खुशाल लिहा.

प्रकरणाच्या सुरुवातीला अभंग किंवा ओवी टाकायची आपल्याकडे आवड आहे. टाका, पण संदर्भासकट टाका. ज्ञानेश्वरीला पानापेक्षा अध्याय आणि ओवीचा क्रमांक महत्त्वाचा, आणि कुठली प्रत तेही, कारण प्रतींत ओव्यांचे आकडे मागेपुढे होतात. गाथेचं तर विचारूच नका: शासकीय गाथा, जोगमहाराजांची सार्थ गाथा, देहूची गाथा यांत तोच अभंग वेगवेगळ्या क्रमांकांवर येतो. नुसतं 'तुकाराम गाथा, अभंग १२३' म्हणजे काहीच सांगितलेलं नाही.

आता सालांकडे. तुम्हाला जुनी छापील पुस्तकं पाहावी लागतील आणि त्यांतल्या बऱ्याच मुखपृष्ठांवर शके असेल. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. ताळा करायचा तर ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके बाराशे बारा आहे आणि आपण तिचं साल १२९० धरतो. पण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, त्यामुळे शकाचे शेवटचे महिने पुढच्या इसवी सनात जातात. चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत साधारण ७८ मिळवा, माघ-फाल्गुनाला ७९, आणि पौष असेल तर जुनं पंचांग किंवा जंत्री पाहूनच ठरवा. महिना दिलेलाच नसेल तर आव आणून एकच साल लिहू नका, 'शके १८०५ (इ.स. १८८३-८४)' असं दोन्ही द्या. मूळ शक गाळायचा नाही. मुखपृष्ठावर छापलेला आकडा हा पुरावा आहे आणि तुमचं रूपांतर हा तुमचा हिशेब.

मुखपृष्ठच फाटलेलं असतं किंवा साल छापलेलंच नसतं, तेव्हा शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' उघडा. १८०० ते १९३७ या काळातली छापील मराठी पुस्तकं एका माणसाने इतक्या चिकाटीने नोंदवून ठेवली आहेत की आजही तुमच्यासारख्या विषयाला तिच्यावाचून पर्याय नाही. मोठ्या ग्रंथालयात ती संदर्भ विभागात असते, घरी देत नाहीत. तिथून मिळालेलं साल चौकटी कंसात द्या, म्हणजे ते पुस्तकावर छापलेलं नाही हे कळेल. आणखी एक खाचखळगा: मराठी प्रकाशनात 'दुसरी आवृत्ती' असं छापलेलं पुस्तक पुष्कळदा निव्वळ पुनर्मुद्रण असतं, तर कधी 'पुनर्मुद्रण' म्हटलेल्या प्रतीत प्रस्तावना नवी असते. तुम्ही निवाडा करू नका. आतल्या पानावर जे छापलंय तेच शब्द उतरवा.

नियतकालिकांत सगळ्यात जास्त चुका 'केसरी'च्या बाबतीत होतात. 'टिळक, केसरी, १८८४' अशी नोंद दिसली की मी तिथे थांबते. 'केसरी' सुरू झाला जानेवारी १८८१ मध्ये आणि त्याचे पहिले संपादक होते गोपाळ गणेश आगरकर. १८८७ पर्यंत संपादकपद त्यांच्याकडे होतं. त्या काळातला बिनसहीचा अग्रलेख परस्पर टिळकांच्या नावावर टाकलात, तर स्त्रीशिक्षणासारख्या प्रश्नावर तुमचा सगळा युक्तिवाद उलटा होऊ शकतो. बिनसहीचा मजकूर नियतकालिकाच्या नावाखाली नोंदवा: 'केसरी', अग्रलेखाचं शीर्षक, पूर्ण तारीख, पान, रकाना. जुन्या वृत्तपत्राला रकाना हवाच, नाहीतर त्या बारीक टाइपातून ओळ शोधायची कशी? लेखक कोण असावा याचा तुमचा तर्क असेल तर तो टिपेत, कारणासह. लोकहितवादींच्या शतपत्रांचंही असंच. ती 'प्रभाकर' साप्ताहिकात १८४८ पासून छापली जात होती, पण तुम्ही वाचली ती पुढे निघालेल्या संग्रहात. तेव्हा पत्राचा क्रमांक, मूळ तारीख मिळाली तर ती, आणि संग्रहाचं पान, असं तिन्ही द्या.

दिवाळी अंक हा मराठीचा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनचा ठेवा आहे आणि समीक्षेतले किती तरी चांगले लेख तिथेच पहिल्यांदा आलेत. नोंदीत 'दिवाळी अंक' हे शब्द आणि साल स्पष्ट लिहा, संपादकाचं नाव द्या. वर्ष आणि अंक क्रमांक छापलेले असले तर तेही. लेख पुढे लेखकाच्या पुस्तकात आला असेल, तर तुम्ही जिथे वाचला तिथला संदर्भ द्या. पुस्तकात घेताना लेखक मजकूर बदलतात.

जो ग्रंथ स्वतः पाहिला नाही त्याचा संदर्भ थेट द्यायचा नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड आहेत. त्यांतलं एक पत्र तुम्हाला दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात सापडलं आणि तुम्ही सरळ 'राजवाडे, खंड अमुक' लिहिलंत, तर त्या लेखकाने खंडाचा आकडा चुकवला असेल तर ती चूक आता तुमची झाली. 'राजवाडे, खंड अमुक. उद्धृत : …, पृ. …' असं लिहा. त्यात कमीपणा नाही. मात्र युक्तिवादाचा कणा अशा उसन्या अवतरणावर असेल, तर ग्रंथालयात जाऊन मूळ खंड पाहायलाच हवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अवतरणांबाबत मी जास्तच कडक आहे, कारण त्यांनी कधीच न लिहिलेली वाक्यं त्यांच्या नावाने फिरतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून, सुरुवातीला वसंत मून यांच्या संपादनाखाली, त्यांचं लेखन आणि भाषणं खंडांनी प्रसिद्ध केली आहेत. खंड क्रमांक, लेखाचं किंवा भाषणाचं नाव आणि पान सापडलं तरच वाक्य ठेवा, नाहीतर काढा.

याच कारणाने एआय साधनांकडून संदर्भसूची बनवून घेऊ नका. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे अशा सूच्या येऊ लागल्या आहेत. लेखक खरा, प्रकाशन खरं, साल पटण्यासारखं आणि पुस्तक मात्र कधी निघालेलंच नाही. मराठी पुस्तकांबाबत हे फारच होतं, कारण आपली ग्रंथसंपदा इंटरनेटवर तुटपुंजी आहे आणि ती साधनं उरलेली जागा कल्पनेने भरतात. शोधाची दिशा मिळवायला वापर करा, पण सूचीतली प्रत्येक नोंद अशा पुस्तकाची हवी ज्याचं पान तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

स्कॅन केलेली पुस्तकं वाचत असाल तर एक बारकावा. पडद्यावर दिसणारा पानाचा आकडा आणि पुस्तकावर छापलेला आकडा वेगळे असतात, कारण पडदा मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना सगळंच मोजतो. संदर्भात नेहमी छापील आकडा द्यायचा. प्रस्तावनेची पानं वेगळ्या आकड्यांनी मोजलेली असतात, तेव्हा 'प्रस्तावना, पृ. बारा' असं स्पष्ट करा. मराठी विश्वकोशातली नोंद वापरलीत तर नुसतं 'विश्वकोश' नको. नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव दिलेलं असतं, ते घ्या, मग नोंदीचं शीर्षक, खंड, आणि संकेतस्थळावर वाचली असेल तर पाहिल्याची तारीख. विकिपीडियाचा लेख वाचून माहिती मिळाली तर त्याच्या तळाशी दिलेल्या मूळ स्रोताकडे जा आणि तो वाचून त्याचा संदर्भ द्या. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले प्रबंध जरूर पाहा, पण तो प्रबंध आहे, पुस्तक नाही, हे नोंदीत दिसू द्या: 'अप्रकाशित पीएच.डी. प्रबंध', विद्यापीठ, साल.

वाङ्मयचौर्याची भीती तुमच्या प्रश्नात जाणवते, म्हणून तेही सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली यासाठी विनियम केले. त्यांत साम्याच्या पातळ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारून पुन्हा द्यायचं. चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर वर्षभर सादरच करता येत नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. नीट श्रेय दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळायचं असतं, आणि सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही.

यावरून 'दहा टक्के चालतं' असा समज पसरलाय, तो साफ चुकीचा आहे. दहा टक्के ही यंत्राने दाखवलेल्या साम्याची मर्यादा आहे, उचलेगिरीची सूट नाही. मराठीत यंत्राला सापडत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण परीक्षक म्हणून आम्ही त्याच विषयातली तीच दहा-पंधरा पुस्तकं आयुष्यभर वाचत आलेलो असतो. वाक्याची चाल ओळखू येते. एखाद्या समीक्षकाचं वाक्य घेऊन 'प्रभावी'च्या जागी 'परिणामकारक' आणि 'दर्शवते'च्या जागी 'दाखवते' केलं म्हणजे ते तुमचं होत नाही. विचार त्याचा असेल तर शब्द तुमचे असले तरी संदर्भ द्यायचा. परिच्छेदाच्या शेवटी एकच कंस टाकून मोकळं होऊ नका. कुठून कुठपर्यंत त्याचं आणि कुठून तुमचं, हे वाक्यरचनेतून दिसू द्या: 'गो. म. कुलकर्णी यांच्या मते…' अशी सुरुवात करा आणि तुमचं मत आलं की 'मला मात्र…' असं वळण घ्या. चांगल्या संशोधनात हा जोड उघड दिसतो, आणि तो दिसल्यामुळेच तुमचं स्वतःचं म्हणणं उठून येतं.

उलट, सगळ्याच वाक्यांना संदर्भ लागत नाही. फुल्यांचा मृत्यू १८९० साली झाला याला कोणी संदर्भ मागणार नाही. ज्यावर दुमत आहे, जे कोणीतरी शोधून काढलंय, ज्यात आकडा आहे, तिथे द्या.

यंत्राचा भाग थोडक्यात. टंकन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चुरा होतो आणि साम्य तपासणाऱ्या प्रणालीलाही तो वाचता येत नाही. झोटेरो (संदर्भ साठवून सूची करणारा प्रोग्राम) विनामूल्य आहे, देवनागरी नोंदी उत्तम सांभाळतो, पण तयार सूचीत 'आणि इतर', 'संपादक' यांच्या जागी इंग्रजी शब्द येऊन बसतात, ते हाताने बदलावे लागतात. अकारविल्हे लावताना यंत्रावर विसंबू नका. संगणकाच्या अक्षरक्रमात 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर बसवलेला आहे, आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्या पुढे येतो. त्यामुळे काळे हे कासारांच्या आधी आले असतील तर खाली घ्या. 'क्ष' आणि 'ज्ञ'ही तपासा. इंग्रजी ग्रंथ देवनागरीत लिप्यंतर करून मिसळू नका. त्यांची सूची रोमन लिपीतच, मराठी सूचीनंतर स्वतंत्र द्या, म्हणजे कोणालाही ग्रंथालयाच्या तालिकेत ते शोधता येतील. समास, टंकाचा आकार, ओळींमधलं अंतर हे परिपत्रकाप्रमाणे. बांधणीसाठी डावा समास जास्त ठेवायला मात्र विसरू नका, नाहीतर पहिली अक्षरं शिवणीत जातात.

तळटीपांची पद्धत घेतलीत तर 'तत्रैव' आणि 'उ. नि.' जपून वापरा. 'तत्रैव' म्हणजे लगेच वरच्याच टिपेतला ग्रंथ, 'उ. नि.' म्हणजे आधी कुठेतरी उल्लेखलेला ग्रंथ. मसुदा सुधारताना मध्ये एक नवी टीप घुसवली की खालचे सगळे 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतात. काम चालू असेपर्यंत प्रत्येक टिपेत लेखकाचं नाव आणि ग्रंथाचं लघुरूप लिहीत जा. 'तत्रैव' लावायचेच असतील तर अगदी शेवटच्या प्रतीत लावा.

तीन आठवड्यांचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात लेखनाला हात लावू नका. मसुद्याची छापील प्रत घ्या, प्रत्येक अवतरणाला क्रमांक द्या आणि ग्रंथालयात बसून एकेक पुस्तक काढून पान पडताळा. पडताळलेल्यावर बरोबरची खूण, न सापडलेल्यावर प्रश्नचिन्ह. शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे आवृत्ती, साल, प्रकाशन यासाठी पुन्हा खेप पडणार नाही. दुसऱ्या आठवड्यात प्रश्नचिन्हांचा निकाल: मूळ सापडलं तर ठेवा, दुय्यम असेल तर 'उद्धृत' करा, काहीच हाती लागलं नाही तर वाक्य काढून परिच्छेद पुन्हा बांधा. तिसऱ्या आठवड्यात सूची. मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत आहे का आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात वापरली आहे का, हे दोन्ही बाजूंनी जुळवा. वाचलेली पण न वापरलेली पुस्तकं द्यायची असतील तर 'पूरक वाचन' असं वेगळं शीर्षक करा. मार्गदर्शकांना प्रत देताना ती अर्ध्या पानाची टीप वर लावा आणि प्रश्नचिन्ह उरलेल्या जागा स्वतःहून दाखवा. त्यांच्या कपाटात किंवा ओळखीच्या ग्रंथालयात ती प्रत असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून बरीच जास्त आहे.